वडिलांचे हप्ते थांबले, आईचं नाव सातबाऱ्यावर नाही. सुरुवात कुठून करावी?

कोरडवाहू_पारोळा

नमस्कार मंडळी. पारोळा तालुक्यातलं आमचं गाव. मी चाकणला कंपनीत आहे, घरी आई एकटी असते आणि शेती तीच पाहते. एक सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) आहे, निंदणी-वेचणीला रोजाच्या बाया. बोरीच्या पाटाचं पाणी आमच्या शिवारापर्यंत पोचत नाही, त्यामुळे पावसावर कपाशी, थोडी बाजरी, बस.

वडील २०२३ साली गेले. त्यांच्या खात्यावर पीएम किसानचे दोन हजार यायचे. ते गेल्यावरही काही हप्ते जमा झाले, नंतर बंद पडले. सेवा केंद्रावर आईला "लाभार्थी मयत आहे" एवढंच सांगितलं. पुढे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही.

सातबारा सामायिक आहे. वडील आणि दोन काका, तिघांची नावं, मिळून २ हेक्टर ४० आर. वाटण्या तोंडी झालेल्या आहेत, बांध पडलेले आहेत, कुणाची कुणाबद्दल तक्रार नाही. पण वडिलांच्या जागी वारस अजून लागलेले नाहीत. २०२३ च्या खरिपातल्या कपाशीचं अर्थसहाय्य आलं तेव्हा सगळ्यांची संमती घेऊन पूर्ण रक्कम मोठ्या काकांच्या खात्यावर घेतली. काकांनी आईचा हिस्सा तिच्या हातात आणून दिला. माणूस चांगला आहे. पण तो चांगला आहे म्हणून आईला पैसे मिळाले, हे मला तेव्हापासून टोचतंय.

माझे प्रश्न असे. आईला तिच्या नावाने पीएम किसान मिळेल का? वडिलांच्या मृत्यूनंतर जमा झालेले हप्ते खात्यात तसेच पडून आहेत, त्यांचं काय करायचं? आणि मला दोन बहिणी आहेत, दोघी आपापल्या घरी सुखी आहेत. गल्लीतले म्हणतात आधी बहिणींच्या सह्या घे, मग वारस लाव. हे बरोबर आहे का? पुढच्या महिन्यात सुट्टी टाकून येतोय, तेव्हा काम मार्गी लावायचं आहे. अनुभव असेल त्यांनी कृपया सांगावं.

एरंडोलचा_भाऊ

भाऊ, १ फेब्रुवारी २०१९ नंतर ज्यांचं नाव सातबाऱ्यावर लागलं त्यांना पीएम किसान नाही. आमच्या शेजाऱ्याने २०२१ ला दीड एकर घेतली, त्याचा अर्ज नामंजूर झाला. आईचं नाव आता लावलं तर तेच होईल. उगाच आशा लावून बसू नका.

बोरीकाठ_अमळनेर

एरंडोलच्या भाऊंनी सांगितलेली तारीख खरी आहे, पण ती खरेदीच्या जमिनीला लागते. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन विकत घेतली, बक्षीसपत्राने घेतली, तर लाभ नाही. जमीनधारक मयत झाला आणि वारसाने नाव लागलं, तर लाभ आहे. योजनेच्या नियमातच ही सूट दिलेली आहे. तुमच्या आईचा हक्क शाबूत आहे, दादा. मात्र तिचं नाव सातबाऱ्यावर लागेपर्यंत तिला कुणीच काही देऊ शकत नाही, द्यायची इच्छा असली तरी.

मी अमळनेर तालुक्यातली. कापूस करते, हरभरा करते, काळ्या रानात दादर (रब्बी ज्वारी) करते. मालक गेल्यावर सगळे कागद मीच केले आणि तेव्हापासून गल्लीतल्या, शेजारच्या गावातल्या बाया पिशवीत कागद घालून माझ्या ओट्यावर येऊन बसतात. बहुतेकींची अडचण तुमच्या आईचीच असते. शेतात ती, कर्ज फेडते ती, आणि कागदावर एक तर गेलेला माणूस, नाहीतर दीर. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वारस नोंद सगळ्यात आधी. बाकी सगळी कामं तिच्या मागून. वडिलांचा मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, सगळ्यांच्या आधारच्या प्रती आणि वारसांचं शपथपत्र. शपथपत्रात आई, तुम्ही, दोन्ही बहिणी, सगळ्यांची नावं, वयं, पत्ते आणि नातं लिहायचं. अर्ज तलाठ्याकडे द्या (त्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून सगळे तलाठीच म्हणतात) किंवा ई-हक्कवरून ऑनलाइन करा. ते वारस प्रकरण गाव नमुना ६-क (वारस नोंदवही) मध्ये घेतात, मग फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) धरतात, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यामुळे सुट्टी संपेपर्यंत नवा सातबारा हातात येईल असं धरून येऊ नका. अर्ज देऊन पोच घ्या, फेरफार क्रमांक मिळाला की तो चाकणला बसूनही तपासता येतो. तीन महिन्यांत वारस कळवावेत असा नियम आहे, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. २०२५ मध्ये सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली ती याचसाठी, गावोगाव मेलेल्या माणसांच्या नावावर सातबारे पडून होते.

सातबारा पूर्ण वाचा. जुन्या सामायिक उताऱ्यात कुठे "ए.कु.मॅ." असा शेरा असेल, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचंच नाव, तर बाकी भाऊ त्या गटापुरते कागदावर नसतातच. तुमच्याकडे तिघांची नावं आहेत म्हणता, पण ती सगळ्या गटांवर आहेत का ते पाहा. कैक घरांत एका गटावर तिघं आणि दुसऱ्यावर एकटे थोरले असतात आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

दुसरं, आईचं नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच वारसांच्या शपथपत्रात लिहा. सातबाऱ्यावर बायांची नावं "भ्र." (भ्रतार, म्हणजे नवरा) लावून लिहायची पद्धत जुनी आहे. आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं, बँकेत माहेरचं तिसरं, आणि मग शेतकरी ओळख क्रमांक काढताना नावं जुळत नाहीत. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना तो क्रमांक सक्तीचा झालाय. नाव एकदाच नीट लागलं तर पुढची सगळी कटकट वाचते. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर तोही याच सुट्टीत जोडून घ्या, कारण ओटीपी त्याच्यावर येतो. नंबर आईच्या हातात असणारा हवा, तुमचा चाकणचा नको.

नाव लागल्यावर शेतकरी ओळख क्रमांक, मग पीएम किसानची नवीन नोंदणी. त्यात वारसाचा फेरफार जोडायचा. अर्ज तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पायऱ्या चढत जातो, म्हणून तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन तो पुढे सरकला का हे विचारत राहावं लागतं. मंजूर झाल्यावर स्थिती तपासायची ती तीन ठिकाणी: जमिनीची नोंद जोडली आहे का, ई-केवायसी झाली आहे का, आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का. यातलं एक जरी "नाही" असलं तरी हप्ता येत नाही. आयुष्यभर कापूस वेचलेल्या हातांचे ठसे मशीनवर उठत नाहीत. तसं झालं तर पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून केवायसी होते, तिला ठशावरून परत पाठवू देऊ नका. नमो शेतकरीसाठी वेगळा अर्ज नसतो, पीएम किसान सुरू झालं की राज्याचेही दोन हजार त्याच्यामागे येतात.

बँकेचं एक आवर्जून सांगते. पैसे पासबुकावरच्या खात्यात येत नाहीत, आधार शेवटी ज्या बँकेला जोडलंय तिथे येतात. २०२४ मध्ये लाडकी बहीणसाठी खूप बायांनी पोस्टात पेमेंट बँकेची खाती काढली. आधार तिकडे जोडलं गेलं आणि मग या बाया जुन्या बँकेत पासबुक भरून बघतात, "पैसा उना नही" (पैसा आला नाही) म्हणतात, आणि पैसे पोस्टात पडलेले असतात. माय-आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, ती आधी बघा.

वडिलांच्या खात्यातले मृत्यूनंतरचे हप्ते काढू नका. ते सरकार परत मागतं. तालुका कृषी कार्यालयात मृत्यूचा दाखला देऊन लेखी कळवा, किती परत करायचे ते विचारा, भरा आणि पावती जपून ठेवा. आईचा अर्ज जाईल तेव्हा घरातली जुनी वसुली बाकी दिसायला नको.

अव्वल_कारकून_निवृत्त

बाळा, वरची माहिती चांगली आहे. फक्त बहिणींबाबत जरा वेगळं सांगतो. महसुलात नोकरी केली आहे, म्हणून सांगतो. एकदा बहिणींची नावं लागली की ती सहज निघत नाहीत. पुढे जावई, भाचे, त्यांचे वारस, सगळे येतात. कर्ज काढायचं, विहीर घ्यायची, तर प्रत्येकाची सही. सामोपचार आहे तोवर हक्कसोड करून घ्या आणि मगच वारस लावा. बहिणींनाही त्रास नको असतो.

बोरीकाठ_अमळनेर

साहेब, तुमचा अनुभव मोठा आहे आणि सह्यांचा त्रास खरा आहे. तरी या दादांनी तसं करू नये असं मला मनापासून वाटतं.

एक तर वारस नोंद आणि हक्कसोड ही दोन वेगळी कामं आहेत. सगळ्या वारसांची नावं आधी लागू शकतात आणि बहिणींना सोडायचं असेल तर त्या नंतर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देऊ शकतात, त्याचा वेगळा फेरफार होतो. आधी हक्कसोड म्हणून थांबलात तर एक बहीण धुळ्याहून यायची, दुसरीची तारीख जुळायची नाही, आणि तोवर आईचं नाव लटकलेलंच. आमच्याकडे अशी घरं आहेत की बहिणींच्या सहीसाठी वारस अडले आणि म्हातारी कागदावर न येताच गेली. मग एकाच्या जागी दोन पिढ्यांचे वारस लावत बसले.

दुसरं म्हणजे शपथपत्रात बहिणी लपवायच्या नाहीत. २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्माने मिळतो हे स्पष्ट केलंय. खोटं शपथपत्र उद्या तुमच्याच अंगावर येईल.

तिसरं मी बाई म्हणून सांगते. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी येतात, झोका बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि कितीतरी घरांत त्याच चार दिवसांत त्यांच्यापुढे कागद ठेवला जातो. माहेर तुटू नये म्हणून त्या सही करतात. दादा, बहिणींना सोडायचंच असेल तर तो निर्णय त्यांनी घेऊ द्या, त्यांच्या वेळेला. आणि त्यांनी ठेवायचं म्हटलं तर ठेवू द्या. आईच्या हप्त्यावर त्यानं काहीही फरक पडत नाही. पीएम किसान जमीन किती यावर मिळत नाही, नाव आहे का यावर मिळतं. सातबाऱ्यावर दहा नावं असली आणि आईच्या वाट्याला वीस गुंठे आले, तरी तिचा हप्ता दोन हजारच.

तापीकाठ_रावेर

ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. माझं तर नावच नाही कुठे.

मी रावेर तालुक्यात केळी करतो, निंबटाईने (निम्म्या वाट्याने). जमीन मालकाची, तो जळगावला राहतो. खोडं-कंद, खत, मजुरी निम्मी माझी आणि राबणं सगळं माझं. वादळ वैशाखात आलं की घडासकट बाग आडवी होते. पंचनामा होतो, त्यात ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असलं की मदत मंजूर होते, यादीत विशिष्ट क्रमांक येतो, आणि तो क्रमांक मालकाच्या नावाने असतो. केवायसी मालक करतो, पैसे मालकाला. माझ्या मालकाने एका वर्षी निम्मे दिले, एका वर्षी "बघू" म्हणाला. मी कुठे तक्रार करणार? मी त्या रानात आहे याचा एकही कागद नाही.

फळपीक विम्याचंही तेच. नियमात आहे की बटाईदार नोंदणीकृत भाडेकरार जोडून विमा काढू शकतो. पण मालक करार नोंदवत नाही. त्याला १९४८ च्या कूळ कायद्याची धास्ती आहे. त्याच्या आजोबांची जमीन कुळाकडे गेली ते तो अजून विसरलेला नाही, आणि त्यात त्याची काही चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण मग दर सालाला तोंडी बोलणं होतं आणि सरकारच्या लेखी केळी त्याची, घाम कुणाचाच नाही. आमच्या भागात असे खूप जण आहेत. अनुदानाच्या याद्या ग्रामपंचायतीत लागतात तेव्हा त्यातली अर्धी नावं वाचून गावातला कुणीही सांगेल की हा माणूस शेतात दिसत नाही.

दादा, तुमच्या आईला निदान वारसाचा रस्ता आहे. तो रिकामा ठेवू नका.

बोरीकाठ_अमळनेर

रावेरच्या भाऊ, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच सुचवते की मालक तयार असेल तर निदान एका हंगामापुरता, मुदत स्पष्ट लिहिलेला करार तालुक्याच्या वकिलाकडून करून नोंदवून घ्या, आणि मदतीची रक्कम आली तर कशी वाटायची ते त्यातच लिहा. विम्याला तोच कागद चालतो. मालकाची भीती खरी आहे, ती वकिलानेच समोर बसवून काढली तर निघेल.

सातपुडा_धडगाव

आमच्या अक्राणीत तर सातबाराच नसतो कितीतरी जणांकडे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेले पट्टे आहेत. पीएम किसानला वनपट्टेधारक पात्र आहेत हे इथे अजून बऱ्याच घरांना माहीत नाही. एक गोष्ट मात्र आमच्याकडे बरी आहे. लग्न झालेल्या माणसाचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यावा असं त्या कायद्यातच लिहिलंय. नवरा गेला तर बाईला "मी इथे राबते" हे सिद्ध करत फिरावं लागत नाही, नाव पहिल्यापासून असतं. पट्टा विकता येत नाही पण वारसाने जातो. खालच्या भागात सातबाऱ्यावरही तसंच नाव का लावत नाहीत, हे मला नेहमी कोडं वाटतं.

बोरीकाठ_अमळनेर

लावता येतं, भाऊ. १९९२ पासून आपल्या राज्यात लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज दिला की त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं. इथे वाचणाऱ्या पुरुष मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, हे काम करून टाका. पीएम किसानसाठी नवरा-बायको मिळून एकच कुटुंब धरतात, त्यामुळे दोघांना वेगळे हप्ते मिळणार नाहीत. पण उद्या काही झालं तर तिला शून्यापासून कागद गोळा करावे लागणार नाहीत.

कोरडवाहू_पारोळा

सगळ्यांचे आभार. काल बहिणींशी फोनवर बोललो. थोरली म्हणाली, "नाव लागू दे, सोडायचं का नाही ते मी आईशी बोलून सांगेन." मला ते पटलं. सातबारेही ऑनलाइन पाहिले. ताईंनी सांगितलं तसंच निघालं, एका गटावर फक्त मोठ्या काकांचं नाव आणि पुढे ए.कु.मॅ.

एक शंका राहिली. आईला लाडकी बहीणचे १५०० येतात. शेजारची म्हणते पीएम किसान सुरू झालं की ते कापतात. मग हे सगळं करून उलट नुकसान तर नाही ना?

बोरीकाठ_अमळनेर

नुकसान नाही, पण हप्त्यापुरता फायदाही नाही, हे खरं आहे. हिशोब मांडते. आज लाडकी बहीणचे महिन्याला १५००, वर्षाचे १८०००. पीएम किसान आणि नमो मिळून वर्षाला १२००० सुरू झाले की लाडकी बहीणचे महिन्याला ५०० राहतात, म्हणजे वर्षाचे ६०००. बेरीज पुन्हा १८०००. एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही. (तुमचं नाव आईच्या रेशनकार्डावर आहे का आणि तुम्ही आयकर भरता का, हे मात्र पाहून घ्या. कुटुंबात आयकर भरणारा असेल तर लाडकी बहीणच लागू होत नाही, आणि हे आपण स्वतः तपासलेलं बरं.)

म्हणूनच मी बायांना सांगते की दोन हजारांच्या हप्त्यासाठी नाव लावू नका, नाव लावायचं म्हणून लावा. लाडकी बहीण ६५ व्या वर्षी थांबते. शेतकरी म्हणून असलेलं नाव वयाने थांबत नाही. आणि मोठे पैसे हप्त्याचे नसतातच. तुम्ही लिहिलंत ते कपाशीचं अर्थसहाय्यच बघा, ते हेक्टरी ५००० होतं, दोन हेक्टरच्या मर्यादेत, आणि वीस गुंठ्यांच्या आत सरसकट १०००. आईचं नाव आणि तिच्या खात्याचं क्षेत्र वेगळं असतं तर तिला दिराच्या दारात वाट बघावी लागली नसती. अतिवृष्टीची मदत, पीकविमा, ठिबकचं अनुदान, सगळं खातेदाराला. अल्पभूधारकाला ठिबकवर केंद्राच्या योजनेतून ५५ आणि राज्याच्या योजनेतून २५ असे मिळून ८० टक्के मिळतात. तुमच्याकडे पाटाचं पाणी नाही म्हणता, उद्या विहीर-बोअरला पाणी लागलं तर अर्ज कुणाच्या नावाने करणार? विकास सोसायटीचं पीककर्जही तसंच. तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य पडतं. ती सवलत न मिळालेली बाई सावकाराकडे किंवा खासगी बचतगटवाल्यांकडे जाते आणि किती टक्क्यांनी घेते ते मी रोज ऐकते. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाचा पीकविमाही बंद झाला, आता कपाशीसारख्या नगदी पिकाला शेतकऱ्याचा हिस्सा पाच टक्क्यांपर्यंत जातो. एवढे पैसे भरायचे तर भरपाई ज्याने भरले त्याच्याच खात्यावर यायला हवी.

ए.कु.मॅ.च्या गटाचं काम याच अर्जासोबत काढा. मोठे काका हयात आहेत आणि मनाने सरळ आहेत, हीच योग्य वेळ आहे. काकांनी लिहून दिलं, जुने फेरफार जोडले, की तो शेरा कमी करून तिन्ही भावांची नावं घेता येतात. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकला काढून घ्या. सगळ्यांची नावं लागल्यावर सगळ्यांच्या संमतीने जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करा. बांध तर तुम्ही घातलेलेच आहेत, ते कागदावर आले की आईचा सातबारा वेगळा होईल आणि पुढच्या कोणत्याही मदतीला दुसऱ्याच्या संमतीपत्राची गरज राहणार नाही.

एक विचारायचं राहिलं. आई स्वतः ई-पीक पाहणी करते का? नसेल तर येताना तिच्या मोबाइलमध्ये ॲप घालून द्या आणि शेतात नेऊन एकदा तिच्याच हाताने फोटो काढायला लावा. सालदाराच्या किंवा काकांच्या भरवशावर ठेवू नका. मुदत निघून गेली की कपाशी उभी असून उताऱ्यावर दिसत नाही.

कोरडवाहू_पारोळा

करत नाही, आजवर काकांचा मुलगा करायचा. शिकवून जातो. काकांशीही बोललो ताई, ते लिहून द्यायला तयार आहेत. जुन्या फेरफाराच्या नकलांसाठी गट नंबर पुरतो की जुना सर्व्हे नंबरही लागतो?

अव्वल_कारकून_निवृत्त

जुना सर्व्हे नंबर लागेल, बाळा. गटवारी होण्याआधीचे फेरफार त्याच नंबराने सापडतात. सातबाऱ्यावर जुन्या फेरफारांचे क्रमांक छापलेले असतात, ते सगळे टिपून अर्जात लिही, म्हणजे अभिलेख कक्षात शोधायला वेळ जाणार नाही. बहिणींबद्दल तुझ्या थोरलीने दिलेलं उत्तर मला आवडलं. तसंच कर.